सव्वातीनचा निरोप

डोळे तपासणाऱ्या बाईनं खोलीतला दिवा मालवला आणि हनुवटी समोरच्या थंड पट्टीवर टेकवायला सांगितली, तेव्हा पाळकाच्या मनात फक्त मोतीबिंदू होता. पंचाहत्तरी आली होती, उजव्या डोळ्यापुढे धुकं साचलं होतं, आणि प्रार्थनापुस्तकातल्या ओळी पाठ होत्या म्हणूनच आजवर निभावलं होतं. कपाळ वरच्या पट्ट्याला टेकलं. एक बारीक निळसर उजेड डोळ्यात शिरला आणि तिथंच मुक्काम ठोकल्यासारखा थांबला. हलायचं नाही, बाई म्हणाली, शक्यतो पापणीसुद्धा नाही. मग त्याच सुरात, जणू तोही तपासणीचाच भाग असावा, तिनं विचारलं की मला ओळखलं नाहीत ना. त्याला मान हलवता येईना. तो तोंडातल्या तोंडात नाही म्हणाला.

"माझा बाप्तिस्मा तुम्हीच केलाय," ती म्हणाली. "कारखान्याच्या वसाहतीत, मैदानामागे राहायचो आम्ही. आई अजून तिथंच असते. बाबा गेले त्या दिवशी तुम्ही आला होतात. मी सात वर्षांची होते. पाळक म्हणजे काळा झगा एवढंच मला माहीत. तुम्ही मात्र नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत दारात उभे. मला वाटलं, बाबांना न्यायला वरून कुणाला तरी पाठवलंय. पुढे कितीतरी वर्षं मला त्याचा आधार होता."

उजेड उजव्या डोळ्यातून निघून डाव्या डोळ्यात गेला. लाज वाटली की माणूस आधी मान खाली घालतो, हे पाळकाला आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे जाणवलं, कारण इथं तेवढीही सोय नव्हती. हनुवटी पट्टीवर, कपाळ पट्ट्यात, आणि भिंगाच्या पलीकडे एक मोठा, शांत, मायाळू डोळा त्याच्या डोळ्याच्या तळाशी काय आहे ते बघत होता. ती बोलतच होती. चर्चच्या घंटावाल्यानं निरोप आणताना वाटेत वेळ काढला म्हणून, नाहीतर पाळकसाहेब नक्की वेळेत पोचले असते, असं तिची आत्या नेहमी सांगायची. आई मात्र त्यावर कधी काही बोलली नाही. आई आता जिना उतरत नाही, गुडघे गेलेत. कधी सवड झाली तर वर जाऊन या, तिला बरं वाटेल. मग तिनं दिवा लावला, चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, आणि मोतीबिंदू काढावा लागेल पण घाबरण्यासारखं काही नाही, असं सांगितलं.

बाहेर आला तेव्हा औषधाच्या थेंबांनी त्याच्या बाहुल्या विस्फारल्या होत्या. दोन-तीन तास असंच राहणार होतं. कुणाला तरी बरोबर आणायला हवं होतं, असं ती म्हणाली होती. कुणाला आणणार? बायको जाऊन सहा वर्षं झाली. रस्त्यावरचं सगळं पांढरं त्याच्या अंगावर धावून आलं. गाड्यांच्या काचा, दुकानांच्या पाट्या, रस्ता ओलांडायचे पट्टे, एका बाईच्या खांद्यावरचं धुतलेलं कापड. त्यानं कपाळावर हात आडवा धरला आणि भिंतीच्या कडेकडेनं चालू लागला. एरवी चौतीस वर्षांत त्यानं ही गोष्ट एका ठरावीक जागी ठेवली होती. तिकडे जायचं नाही, तिकडून आलेल्या वाऱ्याकडे पाठ करायची, आणि गेलंच लक्ष तर चटकन एखादं काम काढायचं. पण ती मुलगी त्या जागेच्या आतच राहत होती. लहानाची मोठी झाली होती. त्याच्या खोट्यावर तिनं एक देवदूत बांधला होता, त्याच्याच विजारीचा.

तो अँग्लिकन पंथाचा पाळक होता आणि त्याच्या आधीपासून फलंदाज होता. हा क्रम त्यानं बिशपांपुढेही लपवला नव्हता. दीक्षेच्या आधी त्यांनी विचारलं होतं की बॅट सोडशील का, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून तेच हसले होते. शनिवार तुझा, रविवार त्याचा, असं म्हणाले होते, फक्त कोणता कुणाचा ते विसरू नकोस. तो विसरला नाही. बावीस वर्षं शनिवारी गावाच्या क्लबाकडून खेळला आणि रविवारी सकाळी अंग ठणकत असताना वेदीपुढे उभा राहिला. संघातले त्याला 'बिशप' म्हणत, आणि तो पायचीत असताना पंचानं बोट वर केलं नाही की कर्णधार खांदे उडवून म्हणे, याचा वशिला थेट वरचा. बिशप तो कधीच झाला नाही. शतकही होत नव्हतं. एक्याण्णव, त्र्याण्णव, एकदा शहाण्णव. नव्वदी आली की याला देव आठवतो आणि देव याला विसरतो, असं संघात म्हणत, आणि तोही हसे, सर्वांत मोठ्यानं. पण शनिवारी रात्री अंथरुणात पडल्यावर त्या न झालेल्या चार धावा त्याच्या छातीवर चार खड्यांसारख्या बसत. बायबल हातात असे. बायको विचारी, काय वाचतोयस. तो सांगे, स्तोत्रं.

तो शनिवार. कापलेल्या गवताचा तो कच्चा वास, आणि बॅटला पुसलेल्या अळशीच्या तेलाचा. तो एक्केचाळीस वर्षांचा होता आणि पाय जड व्हायला लागले होते. एकसष्टवर असताना दोन षटकांच्या मध्ये घंटावाला मैदानात आला. चर्चची घंटा वाजवणं, झाडलोट, कबरींची देखभाल आणि निरोप पोचवणं ही त्याची कामं. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. मैदानातून चालताना तो खेळपट्टीला वळसा घालून आला, तिच्यावर पाय पडू नये म्हणून. शनिवारी असा निरोप घेऊन तो अधूनमधून यायचाच, त्यामुळे खेळणाऱ्यांपैकी कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. आणि म्हणाला, कारखान्यातला तो फिटर, महिनाभर अंथरुणाला खिळलेला, त्याचं आता खरं नाही. डॉक्टर म्हणतात, संध्याकाळ निघणं कठीण. त्याला काहीतरी सांगायचंय, फक्त तुम्हांलाच, आणि लगेच बोलावलंय. पाळकानं बॅट काखेत धरून ऐकून घेतलं. मंडपावरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते. येतो म्हणाला. एवढी ओव्हर होऊ दे.

ती ओव्हर झाली. मग आणखी एक झाली. त्या वेळी त्याच्या मनात काय चाललं होतं ते पाळकानं पुढे हजारदा उलगडून बघितलं, आणि दर वेळी त्यात दुष्टपणा शोधला. तो सापडला असता तर निदान हातात धरायला काहीतरी मिळालं असतं. दुष्टपणा नव्हता. संध्याकाळ लांब होती. वसाहत मैदानाला लागूनच, पाच मिनिटांची वाट. आणि मी काय ठरवणार, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं, पुढच्याच चेंडूवर बाद झालो तर लगेच निघेन. देवाला हवं असेल तर तो मला बाद करेल. म्हणजे निकाल त्यानं देवावर सोपवला आणि बॅट मात्र स्वतःच्या हातात ठेवली. आणि देवानं त्याला बाद केलं नाही. चेंडू भोपळ्याएवढा दिसत होता. पाय आपोआप चेंडूच्या रेषेत जात होते, मनगटं हलकी झाली होती, बॅटीच्या मधोमध लागलेल्या चेंडूचा आवाज दाताच्या मुळापर्यंत गोड लागत होता. इतका सुखी तो आधी कधी नव्हता आणि नंतर कधी झाला नाही. वेदीपुढेही नाही. लग्नाच्या दिवशीही नाही. आपल्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा तास कोणता, हे त्याला मिनिटांसकट माहीत होतं, आणि म्हणून ते कुणालाही सांगता येत नव्हतं.

घंटावाला गेला नव्हता. सीमारेषेबाहेर टोपी दोन्ही हातांत पोटाशी धरून उभा होता, कबरीपाशी उभा राहतो तसा. एका टोकाकडून खेळताना तो दिसायचा, दुसऱ्या टोकाकडून दिसायचा नाही. तो दिसे त्या टोकाला असला की पाळक एकेरी धाव काढायला उत्सुक असे. एकदा चेंडू नेमका त्याच्याच दिशेनं गेला, सीमेपार, त्याच्या बुटांशी जाऊन थांबला. चौकार. घंटावाल्यानं टोपी काखेत धरली, वाकला, चेंडू उचलला आणि नीट नेम धरून क्षेत्ररक्षकाकडे फेकला. मग पुन्हा टोपी दोन्ही हातांत.

चार पंचविसाला शतक झालं. टाळ्या झाल्या, बॅट वर करायची होती ती केली, आणि मग तो पळाला. कर्णधाराला ओरडून काहीतरी सांगितलं, पॅड रस्त्यातच सोडून टाकले, आणि वसाहतीच्या दिशेनं धावत सुटला. हे सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रात आलं की निरोप कानावर पडताच क्षणाचाही विलंब न लावता पाळकसाहेबांनी बॅट टाकली आणि आयुष्यातल्या पहिल्या शतकाचं कौतुक घ्यायलाही ते थांबले नाहीत. बायकोनं ते कात्रण चौकटीत बसवून जिन्याजवळ लावलं. रोज वर जाताना दिसायचं, रोज खाली येताना दिसायचं. तिला त्यानं कधी सांगितलं नाही, आणि ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यानं खिळ्यासकट ते काढलं, तर भिंतीवर फिकट चौकोन उरला.

तिसरा मजला. जिन्यात उकडलेल्या भाजीचा आणि फिनेलचा वास. घंटावाला त्याच्या मागून चढत होता, पाच-सहा पायऱ्या खाली. दार उघडंच होतं. फिटर चार वाजून दहा मिनिटांनी गेला होता. त्याची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती, रडत नव्हती, आणि तिच्यामागे एक लहान मुलगी टक लावून बघत होती. बाईनं पाळकाच्या कपड्यांकडे बघितलं, गुडघ्यावरच्या गवताच्या डागाकडे, मग त्याच्या तोंडाकडे. आणि विचारलं, "निरोप कधी मिळाला तुम्हांला?"

"आत्ताच," तो म्हणाला.

एवढंच. धाप लागली होती, त्यामुळे तो शब्द खराही वाटला. मागच्या पायऱ्यांवर बुटांचा आवाज थांबला. पाळकानं मागे वळून पाहिलं नाही. आत जाऊन त्यानं मृतासाठीची प्रार्थना म्हटली, पुस्तकाशिवाय, एक शब्द न चुकता.

घंटावाला काही बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. बोललं ते बाकीच्यांनी. फिटरची बहीण चर्चच्या मंडळीच्या कारभारात होती. सव्वातीनच्याही आधी निघालेला माणूस साडेचारला पोचतो म्हणजे काय, वाटेत कुठे बसला होता, असं तिनं सभेत विचारलं. घंटावाला कधीमधी थोडी घ्यायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. सभेच्या अध्यक्षस्थानी पाळक होता. तो उठला, आणि त्या क्षणी सांगून टाकणार होता. हे त्याला पक्कं आठवतं, निदान आठवतं असं तो धरून चालला होता. पण तोंडातून निघालं ते हे, की माणूस वयस्कर आहे, चूक कुणाकडूनही होते, आपण क्षमा करायला शिकलो नाही तर इथं जमतो कशाला. बायकांनी डोळे टिपले. घंटावाल्याची नोकरी राहिली. निरोपाचं काम तेवढं काढून घेतलं. खालच्या बाकावर तो टोपी मांडीवर घेऊन बसला होता, आणि क्षमा झाल्यावर त्यानं मान लववून ती घेतली.

मग त्याला 'उद्या' असं नाव पडलं. आजचा निरोप उद्या आणतो म्हणून. मोठी माणसं पाठीमागे म्हणायची, पोरं तोंडावर. आणि त्यानं काय केलं, तर पुढची अकरा वर्षं घंटा एका सेकंदानंही चुकू दिली नाही. लोक तिच्यावर घड्याळं लावायचे आणि 'उद्या'ला आज वेळेचं बरं भान असतं म्हणून हसायचे. पाळक रविवारी झगा चढवत असताना ती सुरू व्हायची, आणि पहिल्या ठोक्याला त्याच्या हातातलं बटण सुटायचं. घंटावाला निवृत्त झाला तेव्हा मंडळीनं त्याला भेट दिली ती घड्याळाची. कुणाच्या तरी डोक्यातली गंमत. ती पाळकाच्याच हातून दिली गेली. सगळं सभागृह हसलं, घंटावालाही हसला, आणि घड्याळ घेताना त्याचा अंगठा पाळकाच्या हाताला लागला. दोरीनं झालेला जाड, चामड्यासारखा घट्टा. वर्षभरात तो गेला. मागे कुणी नव्हतं. पाळकानंच त्याला माती दिली आणि प्रवचनात निष्ठेबद्दल बोलला.

चालता चालता पाळकाच्या लक्षात आलं की आपण घराकडे चाललेलो नाही. मैदानाची भिंत डाव्या हाताला लागली होती. गेल्या चौतीस वर्षांत त्या जिन्यावर त्यानं पाऊल ठेवलं नव्हतं. वसाहतीत कुणी आजारी असलं की हाताखालच्या तरुण पाळकाला पाठवायचा, आणि फिटरची बायको रविवारी चर्चमध्ये भेटायचीच, मग घरी जायची गरज काय, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या मजल्यावर तो कठड्याला धरून थांबला. खाली जावं. मोतीबिंदू काढून मग यावं. एकदम हसू आलं, कोरडं. अजूनही तो एवढी ओव्हर होऊ दे म्हणत होता.

म्हातारीनं दार उघडायला बराच वेळ घेतला. काठी आधी दिसली, मग ती. वाटाणे सोलत बसली होती, भांडं टेबलावर, सालं वर्तमानपत्रावर. पाळकाला पाहून तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. बसा म्हणाली, आणि स्वतः पुन्हा वाटाण्यांपाशी जाऊन बसली. पाळकानं टोपी काढली, ती कुठे ठेवावी ते सुचेना, आणि उभ्यानंच सांगून टाकलं. निरोप सव्वातीनला मिळाला होता. घंटावाला वेळेत आला होता. मी शतकासाठी थांबलो. आणि तुमच्याशी खोटं बोललो. चौतीस वर्षं वजनदार वाटणारी ती गोष्ट चार वाक्यांत संपली, आणि खोलीत वाटाण्याची एक शेंग फुटल्याचा आवाज झाला.

"मला ठाऊक आहे," म्हातारी म्हणाली. "स्वयंपाकघरात जाऊन खिडकीतून बघा."

तो गेला. थेंबांमुळे जवळचं काही दिसत नव्हतं, ओट्यावरच्या बरण्या नुसत्या रंगांच्या डागांसारख्या होत्या, पण डाव्या डोळ्याला लांबचं स्वच्छ होतं. खिडकीखाली मैदान. अर्ध्या भागात आता गाड्या उभ्या होत्या, मधली खेळपट्टी अजून राखलेली. एक माणूस गाडीला कुलूप लावत होता. कोणत्या हातानं, ते दिसत होतं. कपाळावरचा घाम पुसला, तेही. पाळकानं खिडकीची कड धरली. कपाळात, कानांत, मानेच्या मागे सगळीकडे रक्त चढत होतं. इतकी वर्षं तो लाजत आला होता ते या घराला न दिसलेल्या गोष्टीबद्दल. आता त्या पूर्ण तासाला, प्रत्येक चेंडूला, त्या सुखाला, या खिडकीत एक प्रेक्षक होता.

तो परत आला तेव्हा ती बोलू लागली. हात थांबले नाहीत.

"घंटावाला तुमच्याकडे चालत गेला ते मी बघितलं. तुम्ही मान हलवलीत. मी आत जाऊन यांना सांगितलं, येतायत. परत येऊन बघते तो तुम्ही खेळताय. यांनी विचारलं, निघाले का? मी म्हटलं, हातमोजे काढतायत. मग म्हटलं, रस्त्याला लागले. शेवटी म्हटलं, जिना चढतायत. कान लावून पडले होते हे, तुमच्या पावलांसाठी. त्या दिवशी खोटं बोलायला तुमच्याआधी मीच सुरुवात केली, पाळकसाहेब. टाळ्या वाजल्या तेव्हा मी यांचे पाय सरळ करत होते."

काय सांगायचं होतं त्यांना, पाळकानं विचारलं. विचारताच त्याला कळलं की हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला नाही. ती म्हणाली, ते मला सांगितलं नाही, तुम्हांलाच सांगायचं होतं. किती तऱ्हेनं विचार केला मी. दुसरी बाई असेल, कुठे काही चुकलं असेल, की नुसतंच मरणाची भीती वाटत असेल. काही म्हणजे काहीच कळलं नाही. आठवड्यानं घंटावाला आला होता, इथं, दारात. म्हणाला, माफ करा, मी सीमेवरून हाका मारायला हव्या होत्या. मी त्याला खिडकी दाखवली. तो खिडकीशी जाऊन खाली बघत राहिला. मग म्हणाला, कुणाला सांगू नका, पाळकसाहेब स्वतः सांगतील. तुमच्यावर भरवसा होता त्याचा. मला नव्हता, पण त्याच्यासाठी मी थांबले. दर रविवारी पहिल्या रांगेत येऊन बसायची, आज सांगतील, आज सांगतील. तो गेल्यावरही सवयीनं येत राहिले. प्रभुभोजनाची भाकर तुमच्याच हातून घ्यायची. तुमच्या हाताकडे बघायची नाही, एवढंच.

पहिल्या रांगेतली ती काळी टोपी पाळकाला आठवली. तिच्या श्रद्धेचा दाखला त्यानं एकदा प्रवचनातही दिला होता. तो खुर्चीत बसला. या रविवारी सांगतो, म्हणाला, मंडळीपुढे, नवा पाळक दोन मिनिटं देईल. म्हातारीनं गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाली, आता सांगून काय, मी तर जिना उतरू शकत नाही.

मग म्हणाली, पोरीला मी काही सांगितलेलं नाही. तिला ते पांढरे कपडे हवे होते, काढून घ्यायचं मला जमलं नाही. तिची आत्या तिच्यासमोर घंटावाल्याला नावं ठेवायची तेव्हाही मी गप्प बसले. कामावरून ती रोज इथं येते, आता येईल. तिला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

दारात किल्ली फिरली तेव्हा पाळकाचं काहीच ठरलं नव्हतं. ती आत आली, हातात पिशवी, आणि त्याला पाहून तिचा चेहरा उजळला. लगेच आलात, म्हणाली, आणि डोळ्यांत थेंब असताना एकटे कसे चढलात म्हणून रागावलीही. या उजळलेल्या चेहऱ्यासमोर न सांगणं ही दया आहे, असं त्याच्या आतला जुना, चतुर माणूस म्हणू लागला. त्याचा आवाज पाळकानं ओळखला. सभेत क्षमेबद्दल बोलला होता तोच. "तुला एक सांगायचंय," तो म्हणाला, आणि सांगितलं. सव्वातीन, एकसष्ट धावा, चौकार, टोपी, जिना, तो एक शब्द. ती पिशवी हातात धरूनच ऐकत होती. मधेच तिनं आईकडे बघितलं. आईनं मान हलवली.

तिनं पिशवी जमिनीवर ठेवली.

"मी त्याला 'उद्या' म्हणायची," ती म्हणाली. "शाळेतून येताना. बाकीची पोरं ओरडून पळून जायची. मी पळायची नाही, समोर उभी राहून म्हणायची. माझ्या बाबांचा होता ना तो गुन्हेगार. एकदा थुंकले होते मी त्याच्या बुटांवर."

पाळक काही बोलायला गेला. तिनं हात वर केला.

"तो म्हणायचा, घंटा वाजवायचीय का तुला? आत न्यायचा. दोरी माझ्या हातात द्यायचा आणि वरून त्याचे हात. ओढून झाली की सोडायची, म्हणायचा, ती आपणहून वर जाते, घाबरायचं नाही. दर बुधवारी जायची मी. वाजवून बाहेर आले की परत 'उद्या' म्हणायची." तिनं आपल्या तळव्यांकडे बघितलं. "त्याला माहीत होतं मी कोण ते."

आपली लाज आपल्याच घरात राहते, आपल्याबरोबरच मरेल, असं पाळक समजत आला होता. ती कधीच बाहेर पडली होती, शाळेच्या वाटेवर एका सात वर्षांच्या पोरीच्या तोंडात जाऊन बसली होती, आणि आज एक्केचाळीस वर्षांच्या बाईच्या गळ्याशी आली होती. तो उठला. मी जाऊ का, असं त्यानं विचारलं.

"बसा," म्हातारी म्हणाली. "तो तास-सव्वा तास उभा होता उन्हात. तेवढा वेळ तरी बसा."

तो बसला. मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी, खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. वाटाणे संपले. म्हातारीनं सालं कागदात गुंडाळली आणि हात मांडीवर ठेवले. हळूहळू पाळकाच्या डोळ्यांतला तो भगभगीतपणा ओसरला आणि जवळच्या वस्तू पुन्हा आपापल्या कडांमध्ये आल्या. टेबलाचा ओरखडा, तिच्या बोटांचे सुजलेले सांधे. त्यानं बघायचं टाळलं नाही. पुरता तास होऊन गेल्यावर मुलगीच बोलली, आईशी, त्याच्याशी नव्हे. रविवारी तुला खुर्चीवर बसवून खाली, चर्चला न्यायचं. एका बाजूनं मी धरीन. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "खालची बाजू तुम्ही धरा."

रविवारी साडेआठला त्यांनी खुर्ची उचलली. हात असलेली, लाकडी, म्हातारीपेक्षा जडच. मुलगी वर, पाळक खाली, उलटा, पाठ जिन्याच्या उताराकडे. बहुतेक भार त्याच्यावर येत होता आणि मनगटं पहिल्याच वळणावर थरथरायला लागली. शेजारचा माणूस दार उघडून मदतीला आला, म्हातारीनं त्याला नको म्हणून सांगितलं. तिनं तिची काळी टोपी घातली होती आणि ती समोर बघत होती, म्हणजे त्याच्याच तोंडाकडे, हातभर अंतरावरून. दुसऱ्या मजल्यावर ते टेकले आणि पुन्हा खुर्ची उचलली. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायला हात मोकळा नव्हता.

"अजून किती?" त्यानं विचारलं.

त्याला मागचं दिसत नव्हतं. म्हातारीला दिसत होतं. ती पायऱ्या मोजू लागली, मोठ्यानं, एकेक, आणि तो तिच्या आकड्यावर पाय मागे टाकत खाली उतरू लागला.